श्वानशिक्षण आणि स्वभावभेद

मनुष्याच्या सहवासांत कुत्रा जितका काळ राहिला आहे तितका दुसरा कोणताहि प्राणी राहिलेला नाहीं. गाईगुरें, मेंढ्या, घोडे हे सर्व मागाहून आले. शेतीचा उगम होण्यापूर्वींच कुत्रा माणसाच्या शेकोटीपाशीं येऊन बसला होता. इतक्या जुन्या सोबत्याविषयीं आपलें ज्ञान मात्र एकदोन म्हणींपलीकडे क्वचितच जातें. कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, असें म्हणून आपण त्याचा स्वभाव सुधारण्याची आशा सोडून देतों. आणि दुसऱ्याच क्षणीं हातांत काठी घेऊन तोच स्वभाव बदलावयास निघतों. या दोन्ही वृत्तींच्या मुळाशीं एकच चूक आहे. सर्व कुत्रे एकाच सांच्यांतून निघाले आहेत असें आपण गृहीत धरतों, ही ती चूक होय. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण कुत्र्यांनाहि तंतोतंत लागू पडते, हें या लेखांत दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि ज्यांच्या घरीं एखादें पिल्लूं आहे किंवा येणार आहे, त्यांनीं त्याची प्रकृति ओळखून त्याला कसें शिकवावें, याचाहि थोडा विचार करणार आहोंत.

हा विषय वरवर पाहणारास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत कुत्रा आहे त्या घरास त्याचें महत्त्व सांगावयास नको. मोठ्या हौसेनें आणलेलें पिल्लूं पांचसहा महिन्यांचें झालें कीं वाहणा कुरतडूं लागतें, पाहुण्यांवर भुंकूं लागतें, साखळी ओढीत मालकासच फरफटत नेऊं लागतें. मग शेजारी सल्ला देतात, "दोन रट्टे द्या, म्हणजे सुधारेल." रट्टे दिले जातात. एखादा कुत्रा सुधारल्यासारखा दिसतो. दुसरा अधिकच दांडगाई करूं लागतो. आणि तिसरा खाटेखालीं दडून बसतो व जवळ गेलेल्या लहान मुलास चावतो. शेवटीं "हा कुत्राच बिघडला" असा निकाल होऊन त्याला दूर कोठें तरी सोडून देण्यांत येतें. उपाय एक, कुत्रे तीन, आणि परिणामहि तीन! असें कां व्हावें, याचा विचार करण्यास मात्र कोणी थांबत नाहीं.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार ज्यांनीं केला त्यांत रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचें नांव अग्रगण्य आहे. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नाबरोबर एखादी ठराविक खूण वारंवार दिली म्हणजे पुढें त्या नुसत्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटूं लागतें, हा त्यांचा शोध सर्वश्रुत आहे. परंतु असे प्रयोग वर्षानुवर्षें करीत असतां त्यांना आणखीहि एक गोष्ट आढळून आली. खोली एक, धडा एक, शिक्षकहि एकच. तरीहि एक कुत्रा तो धडा चटकन् उचली, दुसऱ्यास फार वेळ लागे, आणि तिसरा जरासा गोंधळतांच शिकलेलें सारें विसरून जाई.

यावरून पाव्हलॉव्ह यांनीं कुत्र्यांचे चार वर्ग पाडले, व प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रटीझ यांच्या नांवाशीं निगडित असलेल्या चार प्रकृतींशीं त्यांची सांगड घातली. आपल्याकडील वैद्य वात, पित्त व कफ यांवरून प्रकृति ठरवितात, त्याच धर्तीची ही कल्पना आहे. पहिला वर्ग उतावळ्यांचा. यांच्यांत मज्जाशक्ति भरपूर, परंतु आवर कमी. दुसरा चपळांचा, यांच्यांत शक्ति आहे, आवर आहे आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्याची तत्परताहि आहे. तिसरा धिम्यांचा, शक्ति व आवर आहेत, परंतु गति संथ. चौथा हळव्यांचा; यांची मज्जाशक्ति थोड्याशा ताणानेंच थकून जाते. आजचे शास्त्रज्ञ हे चार कप्पे जसेच्या तसे मानीत नाहींत. धिटाई, उत्साह, मिळूनमिसळून राहण्याची वृत्ति, शिकण्याची आवड असे गुण प्रत्येक कुत्र्यांत कमीअधिक प्रमाणांत असतात, असें त्यांचें मत आहे. तथापि घरगुती उपयोगासाठीं ही चौकट अजूनहि सोयीची आहे.

प्रकृति कोणतीहि असो, तिच्या सहनशक्तीस मर्यादा असते. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंत एका कुत्र्यास वर्तुळ व लंबवर्तुळ यांतील भेद शिकविण्यांत आला. वर्तुळ दाखविलें कीं अन्न मिळे. लंबवर्तुळ दाखविलें कीं मिळत नसे. कुत्रा हें लवकरच शिकला. मग तें लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाच्या आकाराकडे नेण्यांत आलें. त्याच्या लांबीरुंदीचें प्रमाण ९ ला ८ इतकें झालें, तेव्हां त्या बिचाऱ्यास भेद कळेनासा झाला. आतांपर्यंत शांतपणें उभा राहणारा तो कुत्रा किंचाळूं लागला, अंग झाडूं लागला, जवळचीं उपकरणें दांतांनीं तोडूं लागला. आणि पूर्वीं जो भेद त्याला सहज ओळखतां येत असे, तोहि तो विसरून गेला. हा नाठाळपणा नव्हता. शक्तीबाहेरचा धडा पुढें आल्यामुळें उडालेली ती तारांबळ होती. घरांतील कुत्रा शिकतां शिकतां अचानक भुंकूं किंवा चावे घेऊं लागला, तर मालकानें प्रथम हें लंबवर्तुळ आठवावें.

दुसरा प्रसंग प्रयोगाचा नव्हे, तर अपघाताचा आहे. २३ सप्टेंबर १९२४ रोजीं लेनिनग्राड शहरांत, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्यें, नेव्हा नदीस मोठा पूर आला व पाणी प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या कोठड्यांत शिरलें. पिंजऱ्यांचीं दारें खालच्या बाजूस असल्यामुळें, वर तोंड काढून पोहणाऱ्या कुत्र्यांना पाण्याखालीं ओढूनच बाहेर काढावें लागलें. कुत्रे वांचले. त्यांपैकीं कांहीं जणूं विशेष असें कांहींच घडलें नाहीं अशा रीतीनें पुन्हां कामास लागले. परंतु हळव्या प्रकृतीच्या कुत्र्यांच्या मनांतून शिकलेले धडे पुसून गेले. त्यांतील एकास मोठ्या सायासानें पूर्वस्थितीवर आणल्यानंतर, एकदां त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याचा लहानसा ओघळ आंत सोडण्यांत आला. तेवढ्यानेंच तो पुन्हां भेदरला व त्याचे धडे पुन्हां नाहींसे झाले. संकट सर्वांवर सारखेंच आलें होतें. त्याचा ठसा मात्र ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणें उमटला.

असें असलें तरी प्रकृति म्हणजे कपाळीं लिहिलेलें विधिलिखित नव्हे. भित्रा कुत्रा म्हणजे दुर्बळ मज्जेचा कुत्रा, असें पाव्हलॉव्ह यांनाहि आरंभीं वाटत असे. पुढें त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच वेतांतील कांहीं पिलें मोकळीं वाढविलीं व कांहीं पिंजऱ्यांत कोंडून वाढविलीं. तेव्हां कोंडलेलीं पिलें मोठेपणीं भित्रीं निघालीं. अमेरिकेंतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं पुष्कळ वर्षें काम करून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पिलाच्या वयाचा तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचा असल्याचें दाखविलें आहे. या काळांत जें पिल्लूं नानाविध माणसें, मुलें, आवाज व जागा सौम्यपणें अनुभवतें, तें जगास भीत नाहीं. तात्पर्य, जन्म व संगोपन हीं दोन्ही मिळून स्वभाव घडवितात.

एकच शिक्षा स्वभावाप्रमाणें किती निरनिराळी फळें देते, याचा उत्तम पुरावा याच प्रयोगशाळेंत मिळाला. डॅनियल फ्रीडमन यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेला तो प्रयोग असा: आफ्रिकेंतील शिकारी बसेंजी, शेटलंड बेटांवरील मेंढपाळ कुत्रे, राठ केसांचे फॉक्स टेरियर व वास घेत सशांमागें जाणारे बीगल, अशा चार जातींचीं पिलें निवडण्यांत आलीं. प्रत्येक वेतांतील कांहीं पिलांचे आठव्या आठवड्यापर्यंत भरपूर लाड केले, व कांहींना शिस्तींत वाढविलें. मग एकेकास मांसाची थाळी ठेवलेल्या खोलींत नेलें. आणि तें मांस खाऊं लागतांच 'नाहीं!' असें ओरडून, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका दिला. त्यानंतर शिक्षक बाहेर जाऊन आडून पाहूं लागला. बसेंजी पिलांनीं, तीं लाडांतलीं असोत वा शिस्तींतलीं, शिक्षकाची पाठ वळल्यावर लवकरच मांसावर ताव मारला. शेटलंडच्या पिलांनीं, तींहि दोन्ही प्रकारचीं, आठ दिवस चाललेल्या परीक्षेंत मांसास तोंड लावलें नाहीं. बीगल व टेरियर यांच्या बाबतींत संगोपनानें फरक पडला, परंतु तोहि पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध! शिस्तींत वाढलेल्या पिलांपेक्षां लाडांत वाढलेलीं पिलेंच अधिक वेळ दूर राहिलीं. एकाच फटक्यानें एकाला कांहींच शिकविलें नाहीं, आणि दुसऱ्याला हवें त्याहून फार अधिक शिकविलें.

शिक्षेची ही गोष्ट झाली. प्रोत्साहनाचेंहि तसेंच आहे. २०१५ सालीं एमिली ब्रे, इव्हान मॅक्लीन व ब्रायन हेअर यांनीं ३० घरगुती कुत्रे आणि अपंग माणसांच्या मदतीसाठीं तयार होत असलेले ७६ कुत्रे यांची परीक्षा घेतली. पारदर्शक कुंपणापलीकडे खाऊ घेऊन माणूस उभा असे. सरळ धांवल्यास मध्यें कुंपण येई, म्हणून कुत्र्यानें मोह आवरून वळसा घालणें अवश्य होतें. कधीं शांत स्वरांत बोलावीत, तर कधीं खाऊ नाचवीत व मोठ्या उत्साहानें हांका मारीत. मदतीसाठीं तयार होणारे कुत्रे मूळचेच धिमे; त्यांना या उत्साहानें हुशारी येऊन त्यांचें काम अधिक चांगलें झालें. घरगुती कुत्रे आधींच उत्साहानें उसळत असलेले. त्यांचें काम मात्र त्याच हांकांनीं बिघडलें. म्हणजे जी शाबासकी एकाला चालना देते, तीच दुसऱ्याचें भान घालविते.

येथें कोणी म्हणेल, "मग जात पाहून शिकवावें, म्हणजे झालें." जातीचा वारसा खोटा नाहीं. महाराष्ट्राच्या दक्षिण भागांत व कर्नाटकांत आढळणारा कारवान कुत्रा नजरेनें शिकार हेरून धांवणारा आहे. समोरून ससा पळाला तर मालकाची हांक त्याच्या कानांत शिरणें कठीण. धनगराच्या वाड्यावरील राखणदार कुत्र्याला रात्रीं स्वतःच्याच बुद्धीनें वागण्याची संवय असते. तथापि १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून केलेलें जें संशोधन २०२२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, त्याचा निष्कर्ष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यांत जो फरक दिसतो, त्यांतील सुमारें ९ टक्केच जातीवरून सांगतां येतो, असें त्यांत आढळून आलें. तेव्हां जातीची पत्रिका पाहून भविष्य वर्तविण्यापेक्षां समोरचा कुत्रा पाहणें हेंच श्रेयस्कर.

हें पाहणें कठीण नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें डॉरोथी हॅरिसन यूस्टिस यांच्या फॉर्च्युनेट फील्ड्स या केंद्रांत, १९३० च्या सुमारास, प्रत्येक कुत्र्याचा कान किती हळवा व अंग किती हळवें याची नोंद ठेवीत. कांहीं कुत्र्यांना जरा चढलेला आवाज पुरे होतो. कांहींना दोरीचा हिसका बसला तरी त्याचें कांहींच वाटत नाहीं. घरींहि अशी नोंद ठेवतां येईल. पिल्लूं खेळत असतां कांहीं अंतरावर एखादी थाळी पडूं द्यावी. तें दचकेल, त्यांत विशेष नाहीं. किती वेळानें तें सांवरतें, आणि थाळीपाशीं येऊन हुंगतें कीं कोपऱ्यांतच राहतें, हें पाहावें. अनोळखी पाहुणा आला असतां तें पुढें जातें, थांबून पाहतें कीं मागें सरतें? भाकरीचा तुकडा व चेंडू एकदमच दाखविले तर तें कशाकडे वळतें? हातांत हलकेच धरलें तर धडपडतें, निवांत राहतें कीं थरथरतें? मात्र एका दिवसाच्या परीक्षेवरून निकाल देऊं नये; अनेक दिवस, अनेक प्रसंगीं पाहावें.

उतावळ्या कुत्र्यापुढें मोठ्यानें ओरडणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. मालकहि आपल्याबरोबर भुंकतो आहे, असाच त्याचा ग्रह होतो. त्याला आधीं धांवडवून त्याची रग जिरवावी व मग हलक्या आवाजांत शिकवावें. तो साखळी ओढूं लागतांच झाडासारखें स्तब्ध उभें राहावें. साखळी सैल पडली कीं चालूं लागावें. अंगावर उड्या मारल्यास पाठ फिरवावी. चारी पाय जमिनीवर टेकले कीं लगेच कौतुक करावें. दार उघडणें, जेवण मिळणें, फिरावयास जाणें हीं सर्व शांत बसण्याचीं फळें आहेत, हें त्याला कळलें म्हणजे निम्में काम झालें.

चपळ कुत्र्यास शिकविणें सर्वांत सोपें, परंतु त्याचा शत्रु म्हणजे कंटाळा. असे कुत्रे नाविन्य असेपर्यंत तरतरीत असतात, व तेंच तें पुन्हां पुन्हां होऊं लागलें कीं पेंगूं लागतात, असें पाव्हलॉव्ह यांनींच नमूद केलें आहे. त्याचे पाठ चारपांच मिनिटांचे असावे, व पाठ मुखोद्गत झाल्यावर दहादां घोकून घेऊं नये.

धिम्या कुत्र्यास आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतों. 'बस' हा शब्द सातआठ वेळां उच्चारण्याऐवजीं एकदांच म्हणून थोडें थांबावें. त्याला विचार करण्यास अवधि लागतो. कोरड्या भाकरीनें तो हलत नसेल, तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा देऊन पाहावा. त्याच्याशीं बोलतांना आवाजांत उल्हास असावा. उतावळ्याच्या बाबतींत जें वर्ज्य तेंच येथें औषध आहे.

हळव्या कुत्र्याला अंतर, वेळ व मोकळीक हीं तीन द्यावीं. त्याच्यावर ओणवें होऊन हात पुढें करूं नये. बाजूला वळून खालीं बसावें व त्याला आपण होऊन येऊं द्यावें. शेपूट पायांत घालणें, कान मागें पाडणें, ओठ चाटणें, तोंड फिरविणें हीं त्याचीं विनवणीचीं अक्षरें आहेत. तीं वाचावयास शिकावें. दिवाळींत फटाक्यांनीं तो घाबरला तर रागावूं नये, व 'संवय व्हावी' म्हणून बाहेरहि ओढूं नये. आंतील खोलींत त्याला दडण्यास जागा द्यावी. अशा वेळीं जवळ घेतल्यानें भीति वाढते, हा समज खरा नाहीं. संवय लावावयाचीच तर ती आधींच्या महिन्यांत, अगदीं हलक्या आवाजापासून व खाऊच्या सोबतीनें, पायरीपायरीनें लावावी. तो गुरगुरला तर त्याबद्दल मारूं नये. गुरगुरणें ही सूचना आहे. मारानें सूचना बंद होते, भीति तशीच राहते, आणि मग तो कुत्रा न गुरगुरतांच चावतो.

प्रकृतीप्रमाणें रीत बदलावी, याचा अर्थ दांडग्यास मार व हळव्यास खाऊ असा कोणी करूं नये. २०२० सालीं पोर्तुगालमधील संशोधकांनीं ९२ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली; तींत शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत तणावाचीं लक्षणें अधिक दिसलीं. योग्य कृतीस तत्काळ बक्षीस हा नियम सर्वांना सारखाच. बदलावयाचें तें बक्षिसाचें स्वरूप, आवाजाची पट्टी, पाठाची लांबी आणि पायऱ्यांची उंची. तसेंच घरांतील सर्वांची भाषा एक असावी. आई 'बस' म्हणते, दादा 'सिट' म्हणतो व आजोबा 'बैस रे' म्हणतात. अशा घरांत सर्वांत हुशार कुत्राहि गोंधळून जाईल.

घरांत जो दोष ठरतो तोच योग्य ठिकाणीं गुण होतो, हेंहि विसरतां कामा नये. चेंडूसाठीं वेडा होणारा व दमतां न दमणारा कुत्रा घरीं डोकें उठवितो. परंतु हुंगून शोध घेण्याच्या कामीं शिक्षक मुद्दाम असाच कुत्रा निवडतात, कारण खेळ मिळेल या आशेनें तो तासन्‌तास शोधीत राहतो. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' नांवाच्या लॅब्राडॉर कुत्र्यानें दडविलेलीं स्फोटकें हुडकून किती प्राण वांचविले असतील, याची गणती करणें कठीण आहे. आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्याचें काम याहून निराळें. फॉर्च्युनेट फील्ड्सच्या साहाय्यानें तयार झालेल्या 'बडी' या कुत्रीला घेऊन मॉरिस फ्रँक हा अंध तरुण १९२८ सालीं अमेरिकेस परतला, आणि १९२९ सालीं तेथें 'सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. कुत्रा व माणूस यांची जोडी जमवितांना ही संस्था दोघांच्या चालीचा वेग व स्वभाव जुळवून पाहते.

अशा वाटाड्या कुत्र्यास एक विलक्षण धडा शिकवितात. मालकानें 'पुढें चल' अशी आज्ञा केली, परंतु समोरून मोटार येत असली, तर ती आज्ञा त्यानें मोडावयाची असते. मालकावर पूर्ण विश्वास, आणि त्याच वेळीं स्वतःच्या डोळ्यांवरहि विश्वास, असे दोन विश्वास ज्याच्या ठायीं आहेत त्यालाच हें साधेल. ज्याला केवळ भीतीनें आज्ञा पाळावयास लावलें आहे, त्याच्या अंगीं हें धैर्य कोठून येणार? म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पिल्लूं घरीं आणाल त्या दिवशीं काठी शोधूं नका. एक वही घ्या, आणि तें कशानें भितें, कशानें हरखतें व किती वेळांत सांवरतें, हें तींत लिहूं लागा. आठ दिवसांनीं ती वही वाचाल, तेव्हां त्याला काय शिकवावें व कोठून आरंभ करावा, हें तें पिल्लूंच तुम्हांस सांगेल.